मीठ कधी घालायचं? घोळाणा, कोशिंबीर आणि बाटलीतलं ड्रेसिंग

(वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आम्हाला तुम्ही कांट शिकवला. आता कोशिंबिरीवर बोलणार?" मी म्हटलं, हो, आणि कांटपेक्षा जरा जास्त तयारी करून येणार आहे. (हशा) गंमत सोडा, पण त्यात तथ्य आहे. कांटवरची पुस्तकं माझ्या कपाटात होती. कोशिंबिरीबद्दल ज्यांना माहीत होतं, त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं. आजचं बोलणं शेवटी तिथेच येणार आहे.

सुरुवात एका बाटलीपासून करतो. गेल्या दिवाळीत नात पुण्याहून आली. तिच्या बॅगेत पांढऱ्या, दाट पदार्थाची एक बाटली होती. 'रँच ड्रेसिंग'. "आजोबा, काकडी यात बुडवून खा." मी आधी चष्मा लावून लेबल वाचलं, जुनी खोड आहे. तेल, पाणी, अंड्याचा बलक, ताकाची पूड, लसूण, कांदा, मिरे, आणि हिरवे कण दिसत होते ते पार्सली आणि शेपू. मग चव घेतली. आणि मला खरोखर शेपू लागला! ज्या भाजीचं नाव काढलं की आमच्या घरातली दोन पोरं ताटावरून उठायची, ती भाजी हीच पोरगी अमेरिकन नावाने आवडीने खात होती.

आता या बाटलीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या इतिहासाशी जाऊन भिडतो. स्टीव्ह हेन्सन नावाचा एक माणूस अलास्कात नळजोडणीची कंत्राटं घ्यायचा. तिथल्या कामगारांना रांधून घालायचं कामही त्याच्याकडे असे. ताक, मेयोनीज, लसूण आणि हिरवा पाला यांचं कालवण त्याने तिथे बसवलं. नंतर त्याने आणि त्याची पत्नी गेल हिने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच घेतलं आणि त्याला 'हिडन व्हॅली' असं नाव दिलं. पाहुणे येत, जेवत, आणि जाताना ते कालवण बरणीत भरून मागत. पुढे त्याने कोरड्या मसाल्याची पाकिटं टपालाने विकायला सुरुवात केली. इथे लक्ष द्या. पाकिटात फक्त मसाला असे. ताक आणि मेयोनीज घरी घालायचं, घरीच घुसळायचं. म्हणजे अर्धं काम अजून घरच्या हातात होतं. १९७२ साली क्लोरॉक्स कंपनीने हा धंदा विकत घेतला. कपडे पांढरे करायचं ब्लीच बनवणारी कंपनी! १९८३ साली फ्रिजशिवाय टिकणारी तयार बाटली बाजारात आली, आणि उरलेलं अर्धं कामही हातातून गेलं.

तेव्हा मुळात हा प्रकार काय आहे? गुरं पाळणाऱ्यांच्या घरचं ताक, आणि मळ्यातला हिरवा पाला. हे दोन्ही आपल्याकडे किती जुनं आहे ते बघू.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली इथे सापडलेल्या ताम्रपटामुळे ही शाखा इतिहासकारांना नीट कळली. या शाखेचा राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' काव्य लिहिलं, आणि अजिंठ्याचं सोळावं लेणं याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. एवढं आपण भाषणात नेहमी सांगतो.

पण वत्सगुल्माचं नाव आणखी एका ग्रंथात येतं, ते भाषणात सांगायला लोक लाजतात. वात्स्यायनाचं कामसूत्र. त्यात वत्सगुल्मच्या अंतःपुरातल्या एका रीतीचा उल्लेख आहे. ती रीत आज आपला विषय नाही. (हशा) आपला विषय आहे त्याच ग्रंथातलं गृहिणीच्या कर्तव्यांचं प्रकरण. तिने घराजवळ स्वच्छ जागेत काय लावावं, याची तिथे यादी आहे. हिरव्या पालेभाज्यांचे वाफे, ऊस, जिरं, मोहरी, ओवा-अजमोद्याच्या जातीचं झाड, आणि शतपुष्पा. शतपुष्पा म्हणजे आपला शेपू. पुढे बियाणं राखून ठेवायच्या भाज्यांत मुळा, काकडी, लसूण आणि कांदाही आहे.

आता ही यादी बाटलीच्या लेबलाशेजारी ठेवा. शेपू, लसूण, कांदा दोन्हीकडे आहेत. दही-ताक तर आपल्याकडे कधीच कमी नव्हतं. सामग्री सगळी घरात आहे. पण वात्स्यायन एक गोष्ट सांगत नाही. त्या बाईने त्या पाल्याचं पुढे काय केलं? चिरला की ठेचला? दह्यात कालवला की तेलात? मीठ कधी घातलं? बागेची यादी पुरुषाने लिहिली, कारण ती कर्तव्यांची यादी होती. कृती लिहायची त्याला गरज वाटली नाही.

दुसरा पुरावा व्याकरणातला आहे. कोथिंबीर हा शब्द संस्कृतातल्या 'कुस्तुंबुरु'पासून प्राकृतातून आपल्याकडे आला. आणि या 'कुस्तुंबुरु'साठी पाणिनीने अष्टाध्यायीत एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलं आहे. त्याला प्रश्न पडला की मधला 'स' कुठून आला. उत्तर असं, की वनस्पतीच्या जातीचं नाव असेल तेव्हाच तो 'स' येतो. नाहीतर शब्द होतो 'कुतुंबुरु', आणि काशिकावृत्ती सांगते की त्याचा अर्थ वाईट टेंभुर्णीची फळं. आपल्या विदर्भात टेंभुर्णी सांगायला नको, उन्हाळ्यात तिचीच पानं विड्यांसाठी तोडतात. म्हणजे एका 'स'ने कोथिंबिरीची जुडी होते, आणि तो नसला तर हातात किडकी टेंभरं येतात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोथिंबीर लोकांच्या तोंडी इतकी होती की व्याकरणकाराला तिची दखल घ्यावी लागली.

मग कोशिंबीर हा शब्द? कोथिंबीर-कोशिंबीर कानाला जुळ्या बहिणी वाटतात. पण व्युत्पत्ती कानावर सोडू नये. कानडीत भिजवलेल्या मूगडाळीची 'कोसंबरी' असते, रामनवमीला पानकाबरोबर वाटतात. आपली कोशिंबीर आणि ती कोसंबरी ही एकाच घरातली भावंडं, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि इंग्रजी 'सॅलड'? त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं मीठ आहे. सॅलड म्हणजे मीठ लावलेलं. आपल्या रिसोडच्या पलीकडे लोणार आहे, त्या नावातही लवण आहे, आणि बरणीतल्या लोणच्यातही. कच्चा पाला माणसाने कुठेही खाल्ला तरी त्याला मीठ लागलं. मीठ हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे माझ्या वयाच्या लोकांना जरा टोचेल. आपण म्हणतो, ते ड्रेसिंग परदेशी, आपली कोशिंबीर अस्सल. कोशिंबिरीत काय घालतो आपण? दाण्याचा कूट, हिरवी मिरची, टोमॅटो. तिन्ही अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीज गोव्यात १५१० साली आले, त्यानंतरच्या काळात मिरची इथे रुजली. भुईमूग आणि टोमॅटो हेही समुद्रापलीकडचेच. वाकाटकांच्या वाशीमात तिखटासाठी मिरे, पिंपळी, आलं, मोहरी होती, मिरची नव्हती. म्हणजे आज आपण 'आजीच्या हातची' म्हणतो ती कोशिंबीर आजीच्या आजीच्या आजीने ओळखली असती, पण तिच्या कितीतरी पिढ्या आधीच्या बाईने विचारलं असतं, हे तांबडं काय टाकलंस? याने कोशिंबीर खोटी ठरत नाही. बाहेरचं घेऊन घरचं करायचं काम बायकांनी आधीही केलं आहे, एवढंच यातून दिसतं. त्यामुळे नातीच्या बाटलीवर रागावण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न विचारायचा तो वेगळाच आहे.

तो प्रश्न छापील पुस्तकांपाशी येतो. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त, म्हणजे नवाथे, या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा त्यांना आश्रय होता. कोणतं अन्न, कोणते गुणदोष, दही कधी खावं, ताक कधी प्यावं, याचा त्यात विचार आहे. मग छपाई आली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं, मराठीतलं पहिलं छापील पाकशास्त्राचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. योगायोग बघा, त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज मी ज्या परंपरेत उभा राहून बोलतोय ती, आणि ज्या विषयावर बोलतोय त्याची छापील परंपरा, दोघींचं वय एकच. मग १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं हजार पाकक्रियांचं 'गृहिणी-मित्र' आलं, आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. रुचिराने वाटी आणि चमचा हे माप घरोघर नेलं. नव्या लग्न झालेल्या किती मुलींच्या ट्रंकेत ते पुस्तक गेलं असेल.

पण ही पुस्तकं बहुतेक पुण्या-मुंबईच्या, सांगली-बडोद्याच्या घरांतून आली. आमच्या वऱ्हाडातल्या शेतावरच्या बाईचं जेवण फार उशिरा छापलं गेलं. आणि त्या जेवणातला कच्च्या पाल्याचा प्रकार म्हणजे घोळाणा. आमच्याकडे बोलताना 'घोयना' म्हणतात. कोवळी मेथी, करडईची पानं, हरभऱ्याचा खुडलेला शेंडा किंवा कांद्याची पात घ्यायची. बारीक चिरायची. त्यात कांदा, तिखट, दाण्याचा कूट किंवा जवसाची चटणी, मीठ आणि वरून कच्चं तेल. हाताने घोळायचं, म्हणून घोळाणा. शहरातल्या हॉटेलात ज्याला 'टॉस्ड सॅलड' म्हणून पैसे घेतात, त्याचं शब्दशः मराठी नाव आमच्या बांधावर कधीपासून आहे. ज्वारीची भाकर, बेसन आणि घोळाणा. आमच्या घरी उन्हाळ्यात त्यात घट्ट दही पडायचं, मग ते जवळजवळ त्या बाटलीतल्यासारखं दाट व्हायचं.

आता हा घोळाणा कमी का झाला? लोकांची चव बदलली, हे सोपं उत्तर आहे. शेतात जाऊन बघा. आमच्या लहानपणी रब्बीत ज्वारी असे आणि कडेने करडई. करडईला काटे, त्यामुळे जनावर आत शिरत नसे, आणि काटे यायच्या आधी तिची पानं घोळाण्याला. १९८०-९०नंतर सोयाबीन पसरलं. शेतकऱ्याला नगद पैसा मिळाला, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही, माझं पेन्शन बँकेत येतं. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गाईम्हशींची दावणी रिकामी झाली, आणि ताक पिशवीतून यायला लागलं. करडईची किनार गेली, पानंही गेली. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हाच्या तरुण सुनांपैकी कितीजणींनी करडईचा घोळाणा केला असेल? एक पदार्थ जातो तेव्हा त्याच्यामागे पीकपद्धती, गोठा, बांध सगळं गेलेलं असतं.

आता माझ्या घरचं सांगतो. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. तिची एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. मी ती उघडली, म्हटलं सगळं मिळेल. नानकटाई, अननसाचा केक, टीव्हीवर बघून उतरवलेलं बिनअंड्याचं मेयोनीज, शेजारणीकडून घेतलेला ढोकळा. पण घोळाणा नाही. काकडीची कोशिंबीर नाही. साधं वरणही नाही. जे बाहेरून शिकली ते तिने लिहिलं. जे रोज केलं ते लिहायचं कशाला, असं तिला वाटलं असणार. आणि ते कुणी विचारलंही नाही. आमच्या लग्नाला शेचाळीस वर्षं झाली होती.

म्हणून मी स्वतः करायला घेतलं. काकडी चोचवली, दही घातलं, मीठ, साखर, कूट घातला, आणि म्हटलं जेवायला अजून तासभर आहे, मुरेल. तासाने बघतो तर भांड्यात पांढरं पाणी आणि त्यात तरंगणारी काकडी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "सर, मीठ पहिलेच टाकलं काय जी? आता पानी नाई सुटन त काय होईन! मीठ पान वाढल्यावर टाका लागते."

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एक भेद मांडला. एखादी गोष्ट अशी आहे हे ठाऊक असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही. मी वर्षानुवर्षं हे शिकवताना स्वयंपाकाचं उदाहरण द्यायचो. म्हणायचो, आमच्या सौं.ना अंदाज आहे, तो शब्दांत सांगता येत नाही. मुलं वह्यांत उतरवून घ्यायची. आणि त्या दिवशी मावशींनी तो एका वाक्यात सांगितला! मीठ शेवटी. राइल चुकला असं मी म्हणत नाही, हाताचं वळण असतंच. पण मी त्याच्या आडोशाला बसलो होतो. ते ज्ञान सांगता येण्याजोगं होतं, मी विचारलं नव्हतं, आणि न विचारण्याला मी सिद्धान्ताचं नाव दिलं होतं. वात्स्यायनाने बागेपाशी जिथे थांबून घेतलं, तिथेच मीही थांबलो होतो.

तेव्हापासून मी विचारत सुटलो, आणि जे कळलं ते कारणासह लिहून ठेवलं. ते आता सांगतो, वही-पेन असेल तर घ्या.

अर्धा लिटर घट्ट, ताजं, न आंबलेलं दही मलमलीच्या फडक्यात दोन तास टांगायचं. शंभर टक्के श्रीखंडाचा चक्का करायचा नाही, ओलसर असतानाच काढायचं. खाली जमलेलं पाणी फेकू नका, दाटपणा सैल करायला तेच लागतं. मेयोनीजमध्ये तेलाचे बारीक थेंब अंड्याच्या बलकामुळे एकत्र राहतात. दह्यात ते काम दुधातलीच प्रथिनं करतात, त्यामुळे अंडं लागत नाही. आंबट दही घेऊ नका, अर्ध्या तासात ते पाल्याची चव खाऊन टाकतं.

हे दही एका वाडग्यात रवीने किंवा चमच्याने गुळगुळीत करा. त्यात एक मोठा चमचा करडईचं किंवा कुठलंही सौम्य कच्चं तेल थेंबाथेंबाने घालत घोटा. एकदम ओतलं तर वर तवंग येतो. मग दोन चमचे बारीक चिरलेला शेपू, दोन चमचे कोथिंबीर, एक चमचा कांद्याची हिरवी पात. पाला धुतल्यावर फडक्यावर कोरडा करा, ओल्या पाल्याने सगळं पातळ होतं. शेपूचे देठ घेऊ नका, फक्त पानं. लसणाची एकच पाकळी, ठेचून. ठेचल्यावरच तिचा उग्रपणा जागा होतो, म्हणून दोन घातल्या तर दुसरं काही लागतच नाही. अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडी मिरेपूड. दाटपणा हवा असेल तर एक चमचा बारीक दाण्याचा कूट, तो सुटलेलं पाणीही पितो. हे अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे पाल्याचा वास दह्यात उतरतो.

आणि मीठ? कालवणात चिमूटभर चालतं, कारण तिथे पाणी सुटायला काकडी नाही. पण काकडी, मुळा, मेथी यांच्यावर हे ओतलं की उरलेलं मीठ पान वाढल्यावरच. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, ते थांबवता येत नाही, फक्त उशिरा सुरू करता येतं. उरलेलं कालवण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, त्याहून जास्त ठेवू नका, बाटलीसारखं ते टिकणारं नाही.

नातीला हे आवडलं का? अर्धं. म्हणाली, आजोबा, बाटलीतलं जास्त गोड असतं. पण तिने शेवटी वाडगं पुसून खाल्लं, आणि कृती फोनवर लिहून घेतली.

मीही ती निळ्या वहीत लिहिली, ढोकळ्यानंतरच्या कोऱ्या पानावर. शीर्षक दिलं 'घोळाणा, दह्यातला'. मावशींना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "जवस नाई लिवला." मग जवसाची चटणी कधी घालायची आणि कूट कधी, हे त्यांनी सांगितलं, आणि ते समासात लिहिलं. वरती त्यांचं नावही लिहिलं, कारण माहिती कुणाची हे लिहायची शिस्त मी विद्यार्थ्यांना लावत आलो.

तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर घरातल्या रांधणाऱ्या माणसाला, आई असो, बायको असो, कामाच्या मावशी असोत, रोजच्या एका पदार्थाबद्दल विचारा. 'कसा करता' असं विचारू नका, उत्तर येईल 'नेहमीसारखा'. विचारा, मीठ कधी घालता, आणि आधी घातलं तर काय होतं. मग लिहून घ्या.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, "सर, पिशवीतलं दही चालेल का? आमच्याकडे म्हैस नाही.")

चालेल. माझ्याकडेही नाही. फक्त पिशवीतलं दही पातळ असतं, त्याला दोनऐवजी तीन तास टांगा. आणि शेपूची जुडी इथल्या बाजारात मिळते, ती घेताना नाक मुरडू नका.